व्हिडिओ गेमच्या सोर्स कोडची चोरी

व्हिडिओ गेमच्या सोर्स कोडची चोरी : गेम तयार करणाऱ्या कंपनीचा किंवा व्यक्तीचा मूळ प्रोग्राम परवानगीवाचून उतरवून घेणे, बाहेर नेणे, विकणे, त्याच्या बदल्यात खंडणी मागणे अथवा तो जगजाहीर करणे. भारतात असे कृत्य माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० आणि कॉपीराइट अधिनियम, १९५७ यांच्या कक्षेत येते. गेमच्या चोरट्या प्रती वाटणे म्हणजे पायरसी. ती याहून वेगळी. पायरसीत तयार माल जातो. सोर्स कोड गेला की तो माल घडवण्याची विद्याच परक्याच्या हाती पडते.

स्वरूप

ग्राहकाला मिळणारा गेम संगणकाला समजेल अशा संकलित रूपात असतो. त्यावरून मूळ रचना ताडणे जिकिरीचे व वेळखाऊ काम असते. सोर्स कोड मात्र प्रोग्रामरने लिहिला तसा, माणसाला वाचता येईल अशा भाषेत असतो. पात्र कसे धावते, गोळी लागली हे कोण ठरवते, खेळाडूचा संगणक सर्व्हरशी काय बोलतो आणि लबाडी करणारा खेळाडू कसा ओळखला जातो, हे सारे त्यात उघड दिसते. प्रोग्रामरांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या टिपा, सोडून दिलेले प्रयोग, कधी कधी निष्काळजीपणे राहून गेलेले पासवर्डही त्यात सापडतात.

मोठ्या स्टुडिओत हा कोड एका मध्यवर्ती साठ्यात, म्हणजे रिपॉझिटरीत ठेवतात. त्यात प्रत्येक बदल कोणी व कधी केला याची नोंद असते. काम करणाऱ्याला या साठ्याची प्रत आपल्या संगणकावर घ्यावीच लागते. त्यामुळे रोजच्या कामासाठी दिलेली परवानगी चुकीच्या हाती पडली, तर काही वर्षांचे काम काही तासांत बाहेर जाऊ शकते. मूळ कोड जागेवरच राहत असल्याने चोरी लगेच लक्षातही येत नाही. आरोपी सापडला, संगणक जप्त झाला, तरी फुटलेली गुप्तता परत मिळत नाही. या गुन्ह्याचा सर्वांत कठोर भाग हाच आहे.

चोरीच्या वाटा

या चोऱ्यांत तांत्रिक चातुर्यापेक्षा माणसाच्या विश्वासाचा गैरफायदा अधिक घेतला जातो. जून २०२१ मध्ये उघड झालेली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीतील चोरी याचे बोलके उदाहरण आहे. चोरांनी पत्रकारांना सांगितल्यानुसार त्यांनी आधी चोरलेल्या लॉगिन कुकीज अवघ्या १० डॉलरना विकत घेतल्या आणि त्यांच्या आधारे कंपनीच्या ‘स्लॅक’ या अंतर्गत संवादव्यवस्थेत शिरकाव केला. तेथून त्यांनी आयटी विभागाला निरोप धाडला, की काल रात्री पार्टीत फोन हरवला, नवे लॉगिन टोकन द्या. टोकन मिळाले. सुमारे ७८० गिगाबाइट माहिती बाहेर गेली. तिच्यात ‘फिफा २१’ या गेमचा आणि ‘फ्रॉस्टबाइट’ या गेम इंजिनाचा कोड होता.

दुसरी वाट भागीदार संस्थेची. मूळ कंपनी सावध असली, तरी तिच्यासाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थेचे दार उघडे राहू शकते. तिसरी वाट नोकरी सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याची. चौथी रॅन्समवेअरची : यात चोर आधी कोड उतरवून घेतात, मग कंपनीचे संगणक कुलूपबंद करतात आणि दोन्हींसाठी मिळून खंडणी मागतात.

प्रमुख घटना

१९९७ च्या सुरुवातीस टेक्सासमधील क्रॅक डॉट कॉम या छोट्या स्टुडिओचा सर्व्हर फोडण्यात आला आणि त्यावर असलेला इड सॉफ्टवेअरच्या ‘क्वेक’ या गेमचा कोड चोरीस गेला. मालक एक व घरफोडी दुसऱ्याकडे, असे हे आरंभीचे प्रकरण होय.

२००३ मधील ‘हाफ-लाइफ २’च्या चोरीने हा विषय सर्वसामान्य खेळाडूंपर्यंत पोचवला. वॉशिंग्टन राज्यातील व्हॉल्व्ह कंपनीने हा गेम ३० सप्टेंबर २००३ रोजी आणण्याचे जाहीर केले होते. ती तारीख टळली आणि ऑक्टोबरच्या आरंभी अपुऱ्या गेमचा कोड इंटरनेटवर पसरला. कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी चोरी झाल्याचे जाहीरपणे मान्य करून खेळाडूंनाच शोधकार्यात मदत मागितली. पुढे एका जर्मन तरुणाने स्वतःहून न्यूवेल यांना ईमेल करून कबुली दिली. नोकरीच्या मुलाखतीच्या निमित्ताने त्याला अमेरिकेत बोलावण्याचा बेत होता. तत्पूर्वीच मे २००४ मध्ये जर्मन पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. २००६ मध्ये त्याला दोन वर्षांची परिवीक्षेची शिक्षा झाली. गेम बाजारात यायला १६ नोव्हेंबर २००४ उजाडले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ‘सायबरपंक २०७७’ व ‘द विचर ३’ यांचा कोड नेल्याचा दावा हल्लेखोरांनी केला. कंपनीने खंडणी नाकारली, आलेली चिठ्ठी स्वतःच प्रसिद्ध केली आणि बॅकअपवरून काम पुन्हा उभे केले. जानेवारी २०२३ मध्ये रायट गेम्सच्या ‘लीग ऑफ लेजंड्स’चा आणि जुन्या अँटी-चीट प्रणालीचा कोड चोरून १ कोटी डॉलरची मागणी करण्यात आली. रायटनेही नकार दिला आणि नव्या चीट तयार होण्याचा धोका वाढल्याचे खेळाडूंना सांगितले.

सप्टेंबर २०२२ मध्ये रॉकस्टार गेम्सच्या अपूर्ण ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’च्या सुमारे ९० चित्रफिती फुटल्या आणि कोड जाहीर करण्याची धमकी देण्यात आली. हल्लेखोर इंग्लंडमधील किशोरवयीन मुलगा होता. जामिनावर असताना, हॉटेलच्या खोलीतून, टीव्ही व मोबाइलच्या साहाय्याने त्याने हे केले. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्याला बेमुदत काळासाठी सुरक्षित रुग्णालयात ठेवण्याचा आदेश दिला. याच महिन्यात कॅलिफोर्नियातील इन्सोम्नियॅक गेम्सची १.६७ टेराबाइट माहिती, ५० बिटकॉइनची खंडणी न मिळाल्याने, जाहीर करण्यात आली. तिच्यात आगामी गेमच्या साहित्याबरोबर कर्मचाऱ्यांच्या पारपत्रांच्या प्रतीही होत्या.

परिणाम

पहिला आघात वेळेवर होतो. सीडी प्रोजेक्टला ‘सायबरपंक’ची मोठी दुरुस्ती फेब्रुवारीऐवजी मार्चच्या अखेरीस द्यावी लागली. रॉकस्टारने न्यायालयात सांगितल्यानुसार त्या एका घटनेतून सावरायला ५० लाख डॉलर व कर्मचाऱ्यांचे हजारो तास खर्ची पडले. ऑनलाइन गेममध्ये फटका प्रामाणिक खेळाडूला बसतो. पहारा कसा चालतो हे समजलेला लबाड त्याला चुकवू शकतो आणि खेळावरचा भरवसा उडाला की लोक तो सोडून जातात. सर्वांत दुर्लक्षित राहतो तो कोड लिहिणारा माणूस. त्याचे अर्धेकच्चे काम, तो दाखवायला तयार नसताना, जगापुढे टिंगलीसाठी मांडले जाते. इन्सोम्नियॅकसारख्या घटनेत तर त्याची खासगी कागदपत्रेही उघड्यावर येतात. ‘कंपनी श्रीमंत आहे, तिचे काय बिघडते’ हा युक्तिवाद या माणसाचा विचारच करत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

राज्यात गेमनिर्मिती मुख्यतः मुंबई व पुण्यात एकवटली आहे. युबीसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा उघडला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये, तर पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२४ मध्ये आला. येथे स्वतःच्या गेमबरोबर परदेशी मालकीच्या गेमवरही काम चालते. म्हणजे कोड लिहिणारे हात येथे आणि मालक सातासमुद्रापार, अशी स्थिती असते.

या स्थितीतील कायदेशीर अडचण गेमबाहेरच्या, मुंबईतील एका प्रकरणाने फार पूर्वी दाखवून दिली होती. जिओमेट्रिक सॉफ्टवेअर सोल्यूशन्स ही मुंबईची कंपनी अमेरिकेतील सॉलिडवर्क्स कंपनीच्या अभियांत्रिकी आरेखनाच्या सॉफ्टवेअरवर काम करत होती. तिच्या एका माजी कर्मचाऱ्याने ‘सॉलिडवर्क्स २००१ प्लस’चा सोर्स कोड अमेरिकी प्रतिस्पर्ध्यांना विकू पाहिल्याचा आरोप झाला. एफबीआयच्या अधिकाऱ्याने गिऱ्हाईक बनून बोलणी केली आणि ऑगस्ट २००२ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याला दिल्लीत अटक केली. अडचण अशी, की कोड जिओमेट्रिकचा नव्हता, सॉलिडवर्क्सचा होता. आणि सोर्स कोडची चोरी असे नाव घेऊन सांगणारे कलम त्या वेळच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात नव्हते. भारतातील सोर्स कोड चोरीची चर्चा या प्रकरणापासून खऱ्या अर्थाने सुरू झाली.

भारतीय कायदा

माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील मूळ कलम ६५ सोर्स कोड लपवणे, नष्ट करणे वा बदलणे यांपुरते होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली आणि कलम ४३ मध्ये सोर्स कोडची चोरी स्पष्ट शब्दांत आली. हेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र असून तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा लागतो. ५ कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, चालतो.

कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हे साहित्यकृतीत गणले जातात. नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका सॉफ्टवेअर कंपनीच्या तक्रारीवरून दाखल झालेल्या प्रकरणात असे ठरवले, की आरोपित कृत्य माहिती तंत्रज्ञान अधिनियमात बसत असेल, तर त्याच कृत्यासाठी भारतीय दंड संहितेतील विश्वासघात व फसवणुकीची कलमे लावता येणार नाहीत, कारण विशेष कायदा सामान्य कायद्यावर मात करतो.

उणीव राहते ती व्यापारी गुपितांच्या स्वतंत्र कायद्याची. तिचे महत्त्व दक्षिण कोरियातील नेक्सॉन विरुद्ध आयर्नमेस या दाव्यावरून कळते. नेक्सॉन सोडून गेलेल्यांनी तेथील प्रकल्पाच्या आधारे ‘डार्क अँड डार्कर’ बनवल्याचा आरोप होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलच्या न्यायालयाने कॉपीराइटचा भंग अमान्य केला, मात्र व्यापारी गुपिताचा भंग मान्य करून ८.५ अब्ज वॉनची भरपाई ठरवली. भारतात अशी वाट करार व गोपनीयतेच्या सामान्य तत्त्वांतूनच काढावी लागते. विधी आयोगाने मार्च २०२४ मधील २८९ व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस केली आहे. ती अमलात येणे परदेशी कामावर जगणाऱ्या येथील स्टुडिओंच्या हिताचे आहे, कारण कोड सुरक्षित राहील याची खात्री असेल तेथेच काम येते.

तक्रार व पुरावा

गेमचे काम आता महानगरांपुरते उरलेले नाही. उदाहरणार्थ, अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील श्रीगोंदा तालुका पुणे जिल्ह्याला लागून आहे. ऊस व साखर कारखान्यांच्या या तालुक्यात घरी बसून पुण्याच्या स्टुडिओसाठी कोड लिहिणे किंवा एकट्याने मोबाइल गेम बनवणे शक्य आहे. अशा व्यक्तीचा कोड चोरीला गेल्यास तिला मुंबई-पुणे गाठावे लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर श्रीगोंदा पोलीस ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. कंपनीला मात्र अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवावे लागते आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात.

दाव्याचा जीव पुराव्यात असतो. रिपॉझिटरीतील तारीखवार नोंदी, कोणत्या खात्यातून किती माहिती उतरवली गेली याचा लॉग, करार व ईमेल हे सर्व न बदलता जतन करावे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. एकट्या निर्मात्याने कॉपीराइटची नोंदणी आधीच करून ठेवणे हिताचे. २०२१ च्या नियमदुरुस्तीनुसार सोर्स कोडची पहिली १० व शेवटची १० पाने, काहीही न झाकता, सादर करावी लागतात.

संरक्षण

ज्याला जेवढा भाग लागतो तेवढाच द्यावा; संपूर्ण कोड प्रत्येकाला खुला ठेवू नये. पासवर्डसोबत दुसरी ओळखही मागावी. फोन हरवल्याचा निरोप आला, तर कोणतीही परवानगी देण्याआधी त्या माणसाशी प्रत्यक्ष बोलून खात्री करावी. नोकरी सुटली त्या दिवशीच खाते बंद करावे. पासवर्ड व किल्ल्या कोडमध्ये लिहू नयेत. एकदम मोठी प्रत उतरवली गेली तर सूचना मिळेल अशी सोय ठेवावी आणि बॅकअप मुख्य जाळ्यापासून अलग ठेवावा. यांतील बहुतेक उपाय चार माणसांच्या स्टुडिओलाही परवडतात.

कायदेशीर खुला कोड

चोरलेला कोड पाहून शिकण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, पण त्याची गरज नाही. इड सॉफ्टवेअरने ‘डूम’चा कोड १९९७ मध्ये व ‘क्वेक’चा १९९९ मध्ये स्वतःहून खुला केला. ‘गोडो’ हे पूर्ण गेम इंजिन २०१४ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. दुसरीकडे, विंडोज प्रणालीचा फुटलेला कोड पाहिलेल्या प्रोग्रामरचे योगदान, त्या प्रणालीचे प्रोग्राम इतरत्र चालवणारा ‘वाइन’ हा मुक्त प्रकल्पही स्वीकारत नाही, कारण त्याच्या हातून नकळत झालेली नक्कल साऱ्या प्रकल्पाला कोर्टात खेचू शकते. निर्मात्याने राजीखुशीने दिलेला कोड वाचून, त्यात भर घालून आणि आपल्या नावानिशी मांडून घडलेला प्रोग्रामर कोणत्याही स्टुडिओत ताठ मानेने काम करू शकतो. गेमनिर्मिती शिकू पाहणाऱ्याने हीच वाट धरावी.