गालावरची लाली : थोडा इतिहास

आपल्या स्मरणिकेत पाककृती, भरतकाम, आरोग्य या विषयांवर लेख येतच असतात. यंदा मी गालावरच्या लालीबद्दल लिहिण्याचे धाडस करीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचेच. पण मंडळाच्या नाटिकांत सर्वांचे चेहरे रंगविण्याचे काम माझ्याकडे असते. त्या निमित्ताने या विषयाचे वाचन हौसेने घडले.

गाल रंगविणे हे काही आजचे खूळ नव्हे. आपण जिचे तेल खातो त्या करडईच्या फुलांपासून जपानात ‘बेनी’ नावाचा रंग काढीत आले आहेत. पाकळ्या पाण्यात धुऊन पिवळा रंग काढून टाकायचा, मग खाराच्या पाण्यात लाल उतरवायचा आणि आंबट घालून तो साक्याप्रमाणे खाली बसवायचा. ओठांना हाच रंग आणि गालांनाही हाच. आपल्याकडे याच फुलांनी वस्त्रे रंगवीत. तोच आपला कुसुंबी रंग.

‘रूज’ हा शब्द फ्रेंच. अर्थ नुसता ‘लाल’. १८ व्या शतकात व्हर्सायच्या राजदरबारी स्त्रिया गालांवर मोठी लाल वर्तुळे काढीत. ती खरी वाटावीत अशी अपेक्षाच नसे. ही बाई दरबारातली, एवढे लांबून कळले की झाले. त्या काळच्या रंगांत पारा, शिसे असे विषारी पदार्थही असत.

पुढच्याच शतकात इंग्लंडात, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, वारे फिरले. रूज लावणे हे नाटकवालीचे काम ठरले. मग घरंदाज मुली काय करीत? गालांना चिमटे काढून ते लाल करीत! लाली सर्वांनाच हवी होती, फक्त ती लावल्याचे दिसायला नको होते.

आपल्याकडेही तोंड रंगविणाऱ्या स्त्रीकडे समाज असाच पाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. मराठी रंगभूमीवरही स्त्रियांच्या भूमिका पुष्कळ वर्षे पुरुषच करीत. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा ते नवल होते. पुढे १९५२ साली टाटांच्या कंपनीने ‘लॅक्मे’ काढली. हे नाव म्हणजे आपल्या ‘लक्ष्मी’चेच फ्रेंच रूप!

लाली लावण्याची जागाही सारखी बदलत आली. १९२० च्या सुमारास पाश्चात्य तरुणी गालाच्या मधोमध गोल लाली लावीत. १९७० नंतर गालाच्या हाडावरून कानशिलाकडे तिरका पट्टा ओढण्याची रीत आली. आपल्या कामापुरते सांगायचे तर, रोजच्यासाठी हसल्यावर गालाचा जो भाग वर येतो तेथे बोटाने किंचित लावून कडा पुसून घ्यावी. लग्नकार्यात थोडी वर, कानाकडे न्यावी. नाटिकेत मात्र हात सैल सोडावा, कारण दिव्यांचा झोत रंग खाऊन टाकतो.

आता मनातले सांगते. मागच्या नाटिकेच्या वेळी मी एका भगिनीला लाली लावीत होते. त्यांचे यजमान वारलेले. मागून कोणीतरी कुजबुजले, “त्यांना कशाला गं लाली?” त्यांनी चेहरा बाजूला केला आणि “राहू द्या, ताई” म्हणाल्या. एवढे सुंदर काम त्यांनी केले, पण मागच्या रांगांना त्यांचा चेहरा धड दिसला नाही.

भगिनींनो, जी लाली एका शतकात मानाची, दुसऱ्या शतकात लाजेची आणि तिसऱ्यात दुकानातली साधी डबी होते, तिच्याबद्दलचा नियम हा काही देवाघरचा नव्हे. तो माणसांनी केला आणि माणसांनीच मोडला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक गाव एवढे करू शकते, तर आपल्या मंडळाला एका डबीची अडचण का वाटावी?

ज्यांना लाली आवडत नाही त्यांनी खुशाल लावू नये. पण कोणी लावावी आणि कोणी नाही, हे मागे उभे राहून दुसरीने ठरवू नये. यंदाच्या नाटिकेला माझी डबी सर्वांसाठी उघडी राहील, एवढे सांगून लेख पुरा करते.