कर्जाचं कारण : लेकीची स्पर्धा



मागच्या वर्षी आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी साडेतीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. सचिवांनी कारण विचारलं. ताई म्हणाल्या, "लेकीची निवड झालीय. ज्युदोच्या स्पर्धेला पुण्याला धाडायचंय. प्रवास, जेवण आणि तो जाड पांढरा पोशाख." दोघी-तिघी हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "पोरीच्या जातीला मारामारी शिकून काय करायचंय?" कर्ज नामंजूर झालं. त्याच बैठकीत एका घरच्या जावळाच्या जेवणासाठी दहा हजार मंजूर झाले. मी समन्वयक म्हणून तिथंच बसले होते. इतिवृत्त माझ्यासमोर लिहिलं गेलं आणि मी गप्प राहिले. पोर काही पुण्याला गेली नाही.

ते मनाला लागून राहिलं. म्हणून या खेळाबद्दल मिळेल ते वाचत गेले. त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगते.

ज्युदो हा जपानचा खेळ. जिगोरो कानो नावाच्या शिक्षकांनी १८८२ साली तोक्यो शहरातल्या एका देवळात, बारा चटयांच्या जागेत तो सुरू केला. 'ज्यु' म्हणजे मऊ आणि 'दो' म्हणजे वाट. समोरचा जोर लावून अंगावर आला, की त्याला तसंच उलट न ढकलता त्याच्याच जोराचा उपयोग करून त्याला खाली आणायचं, हे यातलं मुख्य सूत्र. आपल्याकडं तालमीत अंगाला अंग भिडतं, इथं अंगरख्याची कॉलर आणि बाही पकडून डाव टाकतात. चांगल्या वेगानं आणि ताकदीनं समोरच्याला पाठीवर आपटलं, की लढत तिथंच संपते. आपल्या कुस्तीतल्या चितपटीसारखंच म्हणा ना.

कानोगुरुजी १८९३ पासून बायकांनाही शिकवू लागले. १९२६ मध्ये त्यांच्या शाळेत बायकांचा वेगळा विभाग निघाला. पण बायकांनी डावांचा सराव करायचा, स्पर्धेत उतरायचं नाही, अशी रीत पडली. केइको फुकुदा नावाची मुलगी १९३५ मध्ये तिथं दाखल झाली. लग्न की ज्युदो असा प्रश्न आला तेव्हा तिनं ज्युदो निवडला. या खेळात कसबाप्रमाणे वरच्या वरच्या पायऱ्या मिळतात, त्यांना 'दान' म्हणतात. फुकुदाबाई १९५३ मध्ये पाचव्या दानला पोचल्या आणि तिथंच अडकल्या, कारण बायकांना त्याच्या वर जाताच येत नव्हतं. सहावा दान मिळायला १९७२ साल उजाडलं. एकोणीस वर्षं! अंगात कसब होतं, कागदावर परवानगी नव्हती. पुढं त्या अमेरिकेत राहून शिकवत राहिल्या. वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांना तिथल्या संघटनेनं दहावा दान दिला, त्याच्या वर पायरी नाही. २०१३ मध्ये त्या गेल्या.

दुसरी बाई अमेरिकेची, रस्टी कानोकोगी. १९५९ साली न्यूयॉर्क राज्याच्या स्पर्धेत संघातला एक पुरुष खेळाडू जायबंदी झाला. त्याच्या जागी रस्टी उतरली. केस बारीक कापलेले, छाती घट्ट बांधलेली. तिनं आपली लढत जिंकली, संघही जिंकला. मग आयोजकांनी विचारलं, "तू बाई आहेस का?" ती खोटं बोलली नाही. तिचं पदक काढून घेतलं.

पुरुषांची जागतिक ज्युदो स्पर्धा १९५६ पासून होत होती, बायकांची होतच नव्हती. रस्टीनं ती भरवायचं मनावर घेतलं. पैसे कमी पडले तेव्हा स्वतःचं घर गहाण टाकलं. १९८० मध्ये न्यूयॉर्कला बायकांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा झाली. त्यानंतर तिनं ऑलिंपिकसाठी भांडण मांडलं. पुरुषांचा ज्युदो तिथं १९६४ मध्येच आला होता. बायकांना १९८८ मध्ये नुसतं प्रदर्शनापुरतं आणि १९९२ मध्ये पदकासाठी खेळू दिलं. तिचं काढून घेतलेलं पदक तिला २००९ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी परत मिळालं. त्याच वर्षी ती वारली.

घर गहाण टाकल्याचं वाचलं आणि मला आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला त्यांच्याकडं पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण पदक सांगतो, पण त्याच्या आधी कुणीतरी कर्ज काढलेलं असतं ते सांगायचं राहतं.

आपल्या लाल मातीतही बाईला वाट बघावी लागली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती २०२३ मध्ये, सांगलीत. पहिली गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिनं उचलली. मधे ६२ वर्षं गेली. तेवढ्या काळात किती पोरी नुसत्या फडाच्या कडेला उभ्या राहून कुस्त्या बघत मोठ्या झाल्या असतील!

आता अलीकडची गोष्ट. मणिपूरच्या मयांग इम्फाळ गावची लिंथोई चनंबम, शेतकऱ्याची लेक. घर सोडून ती शिकायला आली ती कर्नाटकात, बळ्ळारी जिल्ह्यातल्या विजयनगरला. आपल्या सोलापूरहून विजापूर ओलांडून आणखी खाली गेलं, की तो मुलूख येतो. तिथं जॉर्जिया देशातून आलेल्या प्रशिक्षकांनी तिला तयार केलं. ऑगस्ट २०२२ मध्ये सारायेव्होला १८ वर्षांखालच्या मुलामुलींची जागतिक स्पर्धा झाली. लिंथोईनं ५७ किलो गटात ब्राझीलच्या मुलीला हरवून सुवर्णपदक घेतलं. कुठल्याही वयोगटाच्या जागतिक ज्युदो स्पर्धेत भारताला मिळालेलं ते पहिलं पदक. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये पेरू देशात लिमा इथं ज्युनिअर जागतिक स्पर्धेत, ६३ किलो गटात, तिनं कांस्य मिळवलं. त्या स्पर्धेतही भारताचं ते पहिलंच.

म्हणजे बघा, मुलांच्या आधी मुलीनं खातं उघडलं. पण तिचीही सुरुवात जवळपासच्या लहान स्पर्धांतूनच झाली असणार. आपल्याकडं शालेय स्पर्धा आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत जातात. एका पायरीवर पोर घरी राहिली, की पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यासाठी बंद. आपण त्या दिवशी साडेतीन हजार वाचवले नव्हते, एक पायरी काढून घेतली होती. आणि नुसत्या हौसेचीही ही बाब नाही. नियमात बसणाऱ्या खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडूंचं आरक्षण आहे. प्रमाणपत्र जपून ठेवावं आणि नियम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन स्वतः विचारावेत.

मावशींचं बोलणंही मी सोडून देत नाही. परगावी पोरगी पाठवायची तर सोबत कोण, राहणार कुठं, ही काळजी खरीच आहे. ती विचारा, शाळेला विचारा, सोबत एखादी आई पाठवा. पण काळजीचं उत्तर शोधायचं, नकार द्यायचा नाही.

गेल्या बैठकीत मी त्या ताईंची सगळ्यांसमोर माफी मागितली. मग विषय मांडला. शेळी, शिलाई मशीन, दवाखाना आणि शिक्षण यांच्या ओळीत 'मुलीची स्पर्धा' हेही कर्जाचं कारण धरायचं. अर्धा तास वाद झाला. शेवटी ठराव झाला, पाच हजारांपर्यंत. सूचक म्हणून सही त्याच मावशींची आहे. ताईंची लेक सध्या पुन्हा सरावाला जाते. यंदा निवड होईल का नाही, ते तिच्या हातात आहे.

तुमच्या गटाची बैठक या महिन्यात असेलच. विषयपत्रिकेवर ही एक ओळ घाला, एवढीच विनंती.