सिनेमातल्या भुताचे डोळे बनतात कसे?

मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मधले (१९८३) पिवळे डोळे आठवतात? ती स्पेशल इफेक्ट लेन्सची करामत. रोजची सॉफ्ट लेन्स साधारण १४ मिमीची असते. अख्खा डोळा काळा किंवा पांढराफटक दाखवणारी स्क्लेरल लेन्स २२ मिमीपर्यंत, म्हणजे बुबुळाभोवतीचा पांढरा भागही झाकणारी. गोची इथेच आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात; त्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः हवेतून. मोठी लेन्स नेमकी तीच वाट अडवते, त्यामुळे ती शॉटपुरतीच घालायची. चष्म्याचा नंबर नसला तरी डोळ्यांची तपासणी हवीच. अमेरिकेत तर नुसत्या शोभेच्या लेन्सलाही प्रिस्क्रिप्शन लागतं. गॅदरिंगसाठी मैत्रिणीची लेन्स घातली तर जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि नळाच्या पाण्यात लेन्स धुणं त्याहून घातक: पाण्यातल्या अकांथामिबामुळे दृष्टीही जाऊ शकते.