कुंडलिकेचे पाणी कोणत्या समुद्राचे? सह्याद्रीचा भूगोल, चार संज्ञा आणि मुळशीचा इतिहास : एक दीर्घ धागा

१/ कोलाडजवळ कुंडलिका नदीत राफ्टिंग केलेले अनेक जण हा धागा वाचत असतील. ज्या प्रवाहावर तुमची होडी उसळली, त्यातील बरेचसे पाणी निसर्गनियमाने तिथे असायलाच नको होते. ते पुण्यावरून, पंढरपूरवरून वाहत बंगालच्या उपसागराला मिळायचे. आज ते रेवदंड्यापाशी अरबी समुद्रात जाते. हे कसे घडले, कोणी घडवले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा आजचा विषय.

२/ ही कथा समजून घ्यायची तर शालेय भूगोलातील चार संज्ञा पुन्हा उजळाव्या लागतील : ट्रॅप, कडा, पर्जन्यछाया आणि जलविभाजक. परीक्षेपुरत्या पाठ करून आपण त्या विसरतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मीही विसरलो होतो. पदव्युत्तर अभ्यासात मुळशी सत्याग्रहाविषयी वाचताना लक्षात आले, की नकाशा समजल्यावाचून हा लढा समजत नाही.

३/ पहिली संज्ञा : ट्रॅप. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. शंकूसारखा ज्वालामुखी उभा न राहता हा रस पाण्यासारखा दूरवर पसरला, थिजला. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या बेसाल्टने व्यापलेला आहे.

४/ ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. लोणावळ्याच्या किंवा माळशेजच्या डोंगरांकडे पाहा : उभा कातळ, मग उताराची पट्टी, पुन्हा उभा कातळ. घट्ट थर उभे राहतात, सच्छिद्र आणि मऊ थर झिजून उतार होतात. गडांची माची आणि बालेकिल्ला ही रचना बांधणाऱ्यांनी याच नैसर्गिक पायऱ्यांवर बसवली आहे.

५/ हाच दगड कोरताही येतो. कार्ले, भाजे, कान्हेरी येथील लेणी आणि आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात वरून खाली कोरत नेलेले वेरूळचे कैलास लेणे, ही सारी बेसाल्टमधील कामे होत. गडांवरील पाण्याची टाकीही याच कातळात खोदलेली. दुर्गम माथ्यावर शिबंदी टिकून राहायची ती या टाक्यांच्या भरवशावर.

६/ दुसरी संज्ञा : कडा. सह्याद्री हा हिमालयासारखा वळ्या पडून वर आलेला पर्वत नव्हे. तो एका पठाराचा तुटलेला काठ आहे. भारतीय भूखंड पश्चिमेकडील भूभागापासून विलग झाला, किनाऱ्याकडील बाजू खचली आणि पुढे कोट्यवधी वर्षांच्या झिजेने तो काठ हळूहळू पूर्वेकडे सरकत गेला.

७/ म्हणूनच कोकणातून पाहिले तर सह्याद्री भिंतीसारखा भासतो आणि देशावरून गेले तर तो कधी आला हेच कळत नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे, पायथ्याचे खोपोली शंभर मीटरही नाही. अवघ्या काही किलोमीटरांत पाचशे मीटरहून अधिक उतार! हा आकडा लक्षात ठेवा. पुढे याच उताराला बाजारभाव येणार आहे.

८/ भिंत म्हटली की दार आलेच. आपण ‘घाट’ म्हणतो ते हे दार. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून आलेला माल याच वाटेने जुन्नर-पैठणकडे चढत असे. वाट ज्याच्या ताब्यात, महसूल त्याचा.

९/ आणि युद्धही त्याचे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शायिस्ताखानाचा सरदार कारतलबखान मोठे सैन्य घेऊन घाट उतरून कोकणात निघाला होता. उंबरखिंडीच्या अरुंद, झाडीने भरलेल्या वाटेत शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला पुढून आणि मागून अडवले. संख्येचा उपयोगच उरला नाही. सामानसुमान टाकून शरण येण्यावाचून खानाला गत्यंतर राहिले नाही.

१०/ येथे एक सावधगिरी. ‘सह्याद्रीने मराठ्यांना घडवले’ हे वाक्य आपण सर्रास वापरतो. न्यायमूर्ती रानडे यांनीही १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात भूरचनेची दखल घेतली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. संतांनी घडवलेल्या समाजमनाला त्यांनी मोठे स्थान दिले. यात त्यांचा विवेक दिसतो.

११/ कारण हेच कडे निजामशाही आणि आदिलशाहीच्याही ताब्यात होते. मे १८१८ मध्ये ब्रिटिशांनी समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि रायगड काही दिवसांतच पडला. कड्याची उंची १६७४ मध्ये होती तेवढीच होती. बदलली होती ती तोफ आणि गडामागची राज्यव्यवस्था. भूगोल शक्यता देतो. तिचे काय करायचे ते माणसे ठरवतात.

१२/ तिसरी संज्ञा : पर्जन्यछाया. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. वर हवेचा दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही. ढग बनतात, पाऊस कोसळतो. हा प्रतिरोध पाऊस. माथा ओलांडल्यावर तीच हवा खाली उतरते, तापते आणि कोरडी होते.

१३/ परिणाम पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्यात सुमारे सातशे. आणखी पूर्वेला बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आसपास, तोही बेभरवशाचा. घाटमाथ्यावर छत्री उलटते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवर शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. डोंगर एकच, बाजू दोन.

१४/ याच कोरड्या पट्ट्यातील सुपे येथे मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ आला. पाऊस न पडणे हे वाऱ्याचे आणि डोंगराचे काम. पण शेतसारा किती, कर्ज कोणाचे आणि धान्य कोणत्या भावाने, हे डोंगर ठरवत नाही.

१५/ चौथी संज्ञा : जलविभाजक. दोन नदीखोऱ्यांना वेगळे करणारी उंच रेषा म्हणजे जलविभाजक. सह्याद्रीच्या माथ्यावर एकमेकांपासून हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांचे होतात. कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम पासष्ट किलोमीटरवर उगम पावते, तरी त्याकडे पाठ फिरवून सुमारे चौदाशे किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते.

१६/ ही रेषा कायमची नसते. कोकणात उतरणाऱ्या नद्या आखूड पण तीव्र उताराच्या, म्हणून त्या उगमाकडे डोंगर वेगाने कोरतात. असे कोरत कोरत एखादी नदी माथा ओलांडून पलीकडच्या नदीचे पाणी आपल्याकडे ओढून घेते. भूगोलात याला ‘नदीचौर्य’ असे मोठे बोलके नाव आहे. निसर्गाला या चोरीसाठी लक्षावधी वर्षे लागतात.

१७/ माणसाला काही वर्षे पुरली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस, लगेच पश्चिमेला पाचशे मीटरचा उतार. आता सातव्या भागातला आकडा आठवा. पूर्वेकडे वाहणारे पाणी धरणाने अडवायचे, नळांतून कड्यावरून कोकणात सोडायचे आणि पायथ्याशी जनित्रे फिरवायची. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले.

१८/ यानंतरच्या योजनांपैकी एक नीला आणि मुळा या नद्यांवरची, म्हणजे मुळशीची. या पाण्याचा मूळ प्रवास असा : मुळा, मग पुण्यात मुठेशी संगम, पुढे भीमा, पंढरपुरात चंद्रभागा हे नाव, नंतर कृष्णा आणि शेवटी पूर्वसमुद्र. योजनेनुसार ते माथ्याच्या पश्चिमेला भिरा येथे उतरणार आणि कुंडलिकेत मिसळणार होते. ट्रॅप, कडा, पाऊस आणि जलविभाजक या चारही गोष्टी त्या एका आराखड्यात एकत्र आल्या होत्या.

१९/ आराखड्यात एक गोष्ट मात्र नीट दिसत नव्हती : खोऱ्यातील माणसे. पन्नासच्या आसपास गावे बाधित होणार होती. ही मावळातील भातशेतीची जमीन, आंबेमोहोराचा मुलूख. जमीन भूसंपादनाच्या कायद्याने घेतली जात होती आणि मोबदला पैशात मिळणार होता. पिढ्यान्‌पिढ्या भात लावणाऱ्याने त्या पैशातून तसेच खाचर दुसरीकडे कसे आणि कोठे मिळवायचे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

२०/ एप्रिल १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे नेते झाले आणि ‘सेनापती’ हे बिरुद त्यांना येथेच लाभले. मावळे स्त्री-पुरुष कामाच्या जागी जाऊन बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. धरणाविरुद्धच्या संघटित लढ्यांमध्ये जगातील सर्वांत आरंभीच्या लढ्यांत अभ्यासक याची गणना करतात.

२१/ लढा हरला, आणि त्याची कारणे अस्वस्थ करणारी आहेत. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्यातील सावकारांच्या नावे होती. त्यांनी कालांतराने मोबदला स्वीकारण्याचा मार्ग धरला. जो कसत होता त्याची जमीन गेली, ज्याच्या नावे होती त्याला पैसा मिळाला. सरकार आणि कंपनी एका बाजूला व सारी जनता दुसऱ्या बाजूला, असे सोपे चित्र येथे नाही. १९२४ च्या अखेरीपर्यंत आंदोलन ओसरले.

२२/ दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या मुंबईला घाटातील पाण्याने वीज दिली. त्यावर गिरण्या चालल्या, लक्षावधी लोकांना रोजगार मिळाला. त्या गिरण्यांत काम करणारे बहुसंख्य हात कोकणातून आणि घाटावरूनच आलेले होते. योजना निरुपयोगी होती असे म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच, की लाभ एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, हा हिशेब कोणी मांडला?

२३/ तो हिशेब अजूनही मिटलेला नाही. पश्चिमेकडे वळवलेले हे पाणी भीमेच्या खोऱ्याला, म्हणजेच पर्जन्यछायेच्या प्रदेशाला परत द्यावे, अशी मागणी वेळोवेळी होते. कृष्णा पाणीतंटा लवादालाही पश्चिमेकडे किती पाणी वळवता येईल यावर मर्यादा घालावी लागली. शंभर वर्षांपूर्वी विजेसाठी ओलांडलेली जलविभाजकाची रेषा आज तहानेच्या राजकारणात उभी आहे.

२४/ म्हणून मित्रहो, इतिहास वाचताना भौतिक नकाशा जवळ ठेवा. लढाई, लेणे, बंदर, बंड, धरण यांपैकी काहीही वाचा आणि तीन प्रश्न विचारा : येथे उतार कोणीकडे आहे? पाऊस कोठे पडतो? पाणी कोठे जाते? मग चौथा प्रश्न विचारा, जो भूगोलाच्या पुस्तकात नसतो : हे ठरवताना कोणाला विचारले गेले नव्हते?

२५/ यंदा पावसाळ्यात ताम्हिणीला जाल, तेव्हा धबधब्यांकडे पाहून झाले की मुळशीच्या जलाशयापाशी क्षणभर थांबा. त्या निळ्या पाण्याखाली भाताची खाचरे आहेत. आणि कोलाडला गेलात तर सोबतच्यांना सांगा, की हे पाणी चंद्रभागेचे होते.

(समाप्त. मुळशी, मावळ किंवा भीमाखोऱ्यातील कोणी हा धागा वाचत असेल, तर आजी-आजोबांकडून ऐकलेल्या आठवणी प्रतिसादात अवश्य लिहा. दप्तरांत न सापडणारा बराच इतिहास अजून घराघरांत आहे.)