मागापासून मोरीपर्यंत : मापुचे स्त्रियांच्या श्रमाचा इतिहास

मापुचेंच्या भाषेत 'मापू' म्हणजे जमीन आणि 'चे' म्हणजे माणसे. दक्षिण चिली व अर्जेंटिनातील या आदिवासी समाजाच्या असंख्य मुली विसाव्या शतकात सांतियागो शहरात मोलकरणी झाल्या. शिक्षण नाही म्हणून हे काम, असे कारण सहज दिले जाते. इतिहास पाहिला तर ते पुरेसे वाटत नाही.

स्पॅनिश अमलातही बिओबिओ नदीच्या दक्षिणेचे मापुचे स्वतंत्र राहिले. १६४१ मध्ये किलिन येथे झालेल्या तहात ही सीमा मान्य झाली. अठराव्या शतकात सीमेपलीकडच्या व्यापारात मापुचे स्त्रियांनी मागावर विणलेल्या लोकरी पोंचोंना मोठी मागणी होती. मेंढ्या घरच्या, लोकर घरची आणि कसब बाईचे.

१८६१ ते १८८३ या काळात चिलीच्या सैन्याने हा मुलूख जिंकला. १८८४ पासून मापुचेंना सुमारे ३,००० पट्टे मिळाले. त्यांची एकूण जमीन जेमतेम ५ लाख हेक्टर, म्हणजे पूर्वीच्या मुलखाचा विसावा हिस्सा. पिढ्यांगणिक तिचेही तुकडे पडले. कुरण गेले, मेंढ्या घटल्या, लोकर आटली. पोटासाठी तरुण सांतियागोच्या बेकऱ्यांत गेले आणि मुली मालकाच्या घरीच राहून काम करू लागल्या. रविवारी सुट्टीला त्या किंता नॉर्माल या बागेत जमत. आपली भाषा मोकळेपणी बोलायची जागा तीच.

अशा कामाला कायद्यानेही कमी लेखले. २००८ पर्यंत घरकामगाराचे किमान वेतन राष्ट्रीय किमान वेतनाच्या ७५ टक्केच होते. ते टप्प्याटप्प्याने वाढत २०११ मध्ये पूर्ण झाले. सार्वजनिक ठिकाणी गणवेशाची सक्ती २०१४ च्या कायद्याने थांबवली. बाहेरून कामाला येणाऱ्यांसाठी त्याच कायद्याने आठवड्याला ४५ तासांची मर्यादा घातली. मालकाच्या घरी राहणाऱ्यांना मात्र दिवसाला १२ तास विश्रांतीची हमी मिळाली. उरलेले १२ तास कामाचेच धरले गेले.

मराठीत 'मोलकरीण' या शब्दात निदान 'मोल' आहे. चिलीत तिला 'नाना' म्हणतात. तो लाडाचा शब्द आहे, त्यात मजुरीचा उल्लेखही नाही. मापुचे बाईला काम येत नव्हते, असे कधीच नव्हते. तिच्या कामाखालची जमीन काढून घेतली गेली. वेतनाचा कायदा सुधारला, पण त्या जमिनीचा हिशेब अजून बाकी आहे.