मुंबईची सहल आणि मुंबईचें पाणी

मलबार टेकडीवरील 'हँगिंग गार्डन' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या बागेंत सुटीच्या दिवशीं संध्याकाळीं माणसांची दाटी होते. कोणी मुलांना घेऊन आलेला असतो, कोणी परगांवच्या पाहुण्यांना समुद्राकडे मावळणारा सूर्य दाखवीत असतो, कोणी वयोवृद्ध गृहस्थ बाकावर बसून वारा घेत असतो. या बागेचें आजचें नांव सर फिरोजशहा मेहता उद्यान. कातरलेल्या झाडांच्या आकृती, फुलांचे ताटवे आणि मऊ हिरवळ पाहून मन प्रसन्न होतें. परंतु त्या हिरवळीच्या खालीं काय आहे, याची चौकशी फारच थोडे करतात. त्या हिरवळीखालीं पाण्याची टाकी आहे. शहराच्या दक्षिण भागांतील लोक सकाळीं नळ सोडून जें पाणी भरतात, त्याचा मोठा सांठा या बागेच्या पोटांत असतो. बाग इ. स. १८८१ च्या सुमारास झाली, ती टाकी झांकण्याच्या निमित्तानें झाली. माजगांव-डोंगरी भागांत भंडारवाड्याच्या टेकडीवरही असाच प्रकार आहे. लोकमान्य टिळकांचे स्नेही व मुंबईचे एक महापौर बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा यांचें नांव धारण करणारी तेथील बागही पाण्याच्या टाकीवरच वसलेली आहे.

सोय ही रोजची आणि सहल ही सणासुदीची, असा भेद संसारांत सहज केला जातो. पाणी, रस्ता, गाडी यांचा हिशेब एकीकडे आणि बाग, समुद्र, डोंगर यांची हौस दुसरीकडे. मुंबईच्या इतिहासांत मात्र हा भेद फारसा टिकत नाहीं. या शहरांतील माणसें विश्रांतीसाठीं जेथें जेथें गेलीं, तेथवरची वाट बहुधा दुसऱ्याच एखाद्या गरजेनें पाडलेली होती.

नळ येण्यापूर्वींची मुंबई तलावांवर आणि विहिरींवर जगत असे. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, नबाब टँक हीं नांवें आज ट्रॅफिकच्या गर्दींतून ऐकूं येतात. पण त्या प्रत्येक नांवामागें एके काळीं खरोखरीचें पाणी होतें. धनिकांनीं पुण्यकर्म म्हणून तलाव खोदवावे व विहिरी बांधाव्या, अशी त्या काळची रीत होती. चर्चगेटजवळील भिका बेहराम यांची इ. स. १७२५ ची विहीर त्या रीतीची साक्ष म्हणून अद्यापि उभी आहे. सामान्य माणसाची सहल म्हणजे देवदर्शन आणि जत्रा. वाळकेश्वरास जावें, बाणगंगेंत स्नान करावें, नवरात्रांत महालक्ष्मीचें दर्शन घ्यावें, माहीमच्या दर्ग्याच्या उरुसांत हिंडावें, एवढ्यांत त्याची हौस पुरी होई. त्यापलीकडे जाण्यास वाट सोपी नव्हती.

माहीम आणि वांद्रें यांच्यामधील खाडी होडीनें ओलांडावी लागे आणि पावसाळ्यांत तो प्रवास जिवावरचा ठरे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनीं या खाडीवर रस्ता व्हावा म्हणून आपल्या पदरचे १,५७,००० रुपये दिले आणि या रस्त्यावर सरकारनें जकात घेऊं नये अशी अट घातली. इ. स. १८४५ मध्यें तो रस्ता वाहतुकीस खुला झाला. देणगी मोठी होतीच. परंतु अट त्याहूनही मोलाची होती. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईस आणि घोडागाडींतून हवा खाण्यास निघालेल्या शेटजीस त्या अटीमुळें एकाच वाटेनें फुकट जातां आलें.

पुढें आठच वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, तीन इंजिनें, सुमारें चारशें निमंत्रित आणि एकवीस तोफांची सलामी असा तो थाट होता. एकवीस मैलांचें तें अंतर गाडीनें सुमारें तासाभरांत काटलें. रूळ टाकणारांच्या मनांत मुख्यतः कापूस आणि माल होता. पण लोकांनीं गाडी पाहिली आणि तिच्यांत बसून जाणें हीच एक सहल होऊन बसली. इ. स. १८६७ मध्यें विरार आणि बॅकबे यांच्या दरम्यान उपनगराची गाडी सुरू झाली. प्रारंभीं ती दिवसांतून जातांना एक आणि येतांना एक अशी धांवे. आज त्याच मार्गावर माणसांना उभें राहण्यास जागा मिळत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या एका गाडीचें महत्त्व कळतें.

रेल्वे आली, गिरण्या निघाल्या आणि माणसें वाढलीं. इ. स. १८६४ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. अशा वाढत्या वस्तीस जुने तलाव पुरे पडणें शक्य नव्हतें. उन्हाळ्यांत विहिरी आटत आणि पाण्यासाठीं झुंबड उडे. म्हणून साष्टी बेटांत, मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यांत, बांध घालून पाणी अडविण्याची योजना हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरनें आंखली. इ. स. १८५६ मध्यें काम सुरू झालें आणि १८६० मध्यें विहार तलावाचें पाणी नळांतून मुंबईंत आलें. गोविंद नारायण माडगांवकर यांचा 'मुंबईचें वर्णन' हा ग्रंथ इ. स. १८६३ मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हां हें नवें शहर नुकतेंच आकार घेत होतें. विहारही लवकरच अपुरा ठरला. त्यापाठोपाठ १८७९ मध्यें तुळशी आणि १८९२ मध्यें ठाणें जिल्ह्यांतील तानसा असे तलाव झाले. एकोणिसावें शतक संपेपर्यंत मुंबईचें पाणी मुंबईच्या बाहेर गेलें होतें.

नळाचें पाणी आल्यावर जुन्या तलावांचें काय झालें, हीही एक शिकण्यासारखी कथा आहे. जें पाणी पूर्वीं पुण्याचें होतें तेंच आतां डांसांचें माहेर ठरलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं डॉक्टर बेंटले यांनीं मुंबईच्या हिंवतापाची पाहणी केली आणि उघडे तलाव व विहिरी यांवर दोष आला. एकामागून एक तलाव बुजविले गेले. मोकळ्या जागा झाल्या, त्यांतील कांहींवर बागा आणि मैदानें झालीं. जेथें गवळ्यांच्या गाईगुरांना पाणी पाजीत, त्या गोवालिया टँकच्या मैदानावर मुलें चेंडूफळी खेळूं लागलीं. आणि त्याच मैदानावर इ. स. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यांत 'छोडो भारत' ची घोषणा झाली. आज तें ऑगस्ट क्रांति मैदान म्हणून ओळखलें जातें.

बागा व मैदानें असून भागत नाहीं. तेथवर जाण्यास माणसाच्या खिशाला परवडणारें वाहन लागतें. भायखळ्याची राणीची बाग इ. स. १८६२ मध्यें उघडली आणि तिच्या आवारांतील वस्तुसंग्रहालय १८७२ मध्यें. या दोहोंच्या उभारणीसाठीं डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं खटपट केली. संग्रहालयास पुढें त्यांचेंच नांव देण्यांत आलें. परंतु कुलाब्याकडील अथवा गिरगांवांतील कारकुनाला मुलाबाळांसह तेथें नेणारी गोष्ट म्हणजे ट्राम. ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम धांवूं लागली. कुलाबा ते पायधुणी हें भाडें पहिल्यानें तीन आणे होतें, तें लवकरच दोन आण्यांवर आलें. कंपनीनें वीस गाड्या आणि दोनशें घोडे घेऊन आरंभ केला. पुढें घोड्यांची संख्या पुष्कळच वाढली. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम आली आणि घोडे निवृत्त झाले. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली मोटरबस निघाली. तरीही स्वस्ताईची खरी सखी ट्रामच. ती हळू चाले, खडखडे. पण गिरणींतील कामगार सकाळीं तिच्यांतून कामावर जाई आणि सुटीच्या दिवशीं त्याच बाकावर बायकोमुलांना घेऊन बसे. ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली, तेव्हां वाटेंत दुतर्फा माणसें निरोप देण्यास उभीं होतीं. एखादें वाहन बंद पडल्यानें लोकांचे डोळे ओले व्हावे, याचें कारण तें वाहन सुंदर होतें हें नव्हे; तें आपल्याला परवडत होतें, हें होय.

शहर वाढतच राहिलें आणि पाण्याची वाट आणखी लांबली. इ. स. १९५७ मध्यें वैतरणेवरील धरण झालें. मुंबई महापालिकेचे नामांकित इंजिनिअर नानासाहेब मोडक यांच्या स्मरणार्थ त्या जलाशयास मोडकसागर म्हणतात. नंतर अप्पर वैतरणा, भातसा आणि इ. स. २०१४ मध्यें मध्य वैतरणा अशी भर पडली. विहार व तुळशी हे जुने तलाव आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरांत आहेत. त्यांच्याभोंवतीं अरण्य राखलें गेलें, त्याला पाण्याची स्वच्छता हें एक मोठें कारण झालें. आणि त्या अरण्यांत, बोरिवलीकडून, मुंबईकर कान्हेरीचीं लेणीं पाहण्यास जातात. येथेंही सहल आली ती सोयीच्या मागोमाग.

या सोयीची दुसरी बाजू मात्र बागेंत बसून दिसत नाहीं. तानसा, मोडकसागर आणि भातसा हे जलाशय ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरांत आहेत, त्याच तालुक्यांतील अनेक पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यांत हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. धरण त्यांच्या दाराशीं आहे आणि पाणी दूरच्या नळांना जातें. माहीमच्या रस्त्यावर जकात घेऊं नये म्हणून अट घालणाऱ्या आवाबाईंनीं वाट ज्याच्या अंगणांतून जाते त्याचाही विचार केला होता. पाण्याच्या बाबतींत तशी अट घालणारें कोणी निघालें नाहीं.

मलबार टेकडीच्या टाकीला आतां सवाशेंहून अधिक वर्षें झालीं. इ. स. २०२३ मध्यें ती पाडून नवी बांधण्याची योजना पुढें आली. मग बाग जाईल, झाडें तुटतील, म्हणून नागरिकांनीं हरकत घेतली आणि जुन्या टाकीची परीक्षा करण्यासाठीं तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. त्या वादानें एक गोष्ट चांगली झाली. वर्षानुवर्षें त्या हिरवळीवर फिरणाऱ्यांना आपण कशावर फिरत आहों हें कळलें. बाग आणि टाकी यांपैकीं एकच निवडा, असा प्रश्न आला तेव्हां लोकांना दोन्ही हवीं होतीं, आणि तें योग्यच होतें. कारण तीं मुळांत वेगळीं नव्हतींच. मात्र टाकीच्या तळाशीं जाऊन थांबणें पुरेसें नाहीं. तेथून निघालेला नळ उलट्या वाटेनें धरला, तर तो शहापूरच्या पाड्यांजवळून जातो. आणि मुंबईच्या सहलीचा हिशेब तेथवर पोंचल्याशिवाय पुरा होत नाहीं.