उरणचे बेट आणि उरणची माणसे

उरणचे जुने नाव करंजा बेट. खाड्या बुजत गेल्या, मिठागरे पसरली आणि हे बेट मुख्य भूमीस जडले. आज त्याच्या एका अंगास पीरवाडीची वाळू, दुसऱ्या अंगास १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेवा बंदर.

ह्या मातीने हक्कासाठी दोनदा रक्त सांडलेले आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला तो परक्या सरकारचा. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पाच शेतकरी पडले, ते मात्र स्वराज्यात, नव्या मुंबईसाठी गेलेल्या जमिनीचा रास्त मोबदला मागताना. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना ह्याच लढ्याचे फळ.

आपण येथे सहलीस येतो. आगरी-कोळ्यांचे हे ऋण आपणांस आठवते काय?